ऑनलाइन पाठांची फेरबांधणी: प्रकल्प नोंदी

५ मे २०२५

काम हाती घेतलं. माध्यमिक वर्गांसाठी विज्ञान आणि गणिताचं जे साहित्य गेल्या काही वर्षांत साठत गेलं, ते एका जागी आणायचं आहे: व्हिडिओ, प्रश्नसंच, आकृत्या, सरावपत्रिका, दुसऱ्यांच्या पानांच्या लिंका. आज ते वेगवेगळ्या सेवांवर, वेगवेगळ्या खात्यांत विखुरलंय.

अट एकच ठेवली आहे. प्रत्येक पाठाची मूळ फाइल माझ्याकडे हवी आणि ती आजच्या साधनाशिवाय दुसरीकडेही उघडायला हवी. ऑनलाइन साधनं बंद होतात, आणि ती कधी बंद होणार हे शिक्षक ठरवत नाही. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी वाचायला देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा कितीतरी जणांची रोजच्या वाचनाची बसलेली घडी मोडली. पाठ तयार करताना घातलेले कष्ट अशा कुणाच्या वेळापत्रकावर टांगलेले ठेवायला माझं मन घेत नाही.

स्प्रेडशीटमध्ये तीन शेरे ठरवले: जिवंत, मृत, अडकलेलं. ‘अडकलेलं’ म्हणजे जे पडद्यावर दिसतं, चालतं, पण बाहेर काढून नेता येत नाही. जास्त वेळ याच शेऱ्यावर जाणार असं दिसतंय.

७ मे

लिंका तपासल्या. सरळ ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं दाखवणारी लिंक त्यातल्या त्यात प्रामाणिक, मेलेली आहे हे लगेच कळतं. पत्ता उघडतो पण वाचकाला गुपचूप मुखपृष्ठावर नेऊन सोडतो, ती लिंक जास्त घातक. आपोआप तपासणाऱ्या साधनाला ती ठणठणीत दिसते आणि विद्यार्थी मात्र तिथे भलतंच वाचत बसतो. म्हणून प्रत्येक लिंक डोळ्यांनी पाहिली.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दिलेला आकडा पुन्हा वाचला: २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. शिक्षणाच्या साहित्यासाठी हा काळ काहीच नाही. एखादा चांगला पाठ दहा वर्षं सहज वापरला जातो.

मृत लिंका वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या साठ्यात, टाकून पाहिल्या. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केली आणि २००१ पासून तिचा हा साठा सगळ्यांसाठी खुला आहे. बरीच पानं मिळाली, मजकूर शाबूत, चित्रं काही ठिकाणी गायब. जिवंत लिंकाही तिथे जतन करून ठेवल्या, पत्ता देऊन पान साठवायला सांगता येतं.

यापुढे लिंकसोबत पानाचं शीर्षक, लेखक आणि मी ते पाहिल्याची तारीख लिहायची. पत्ता गेला तरी शीर्षकावरून पान शोधता येतं. नुसता पत्ता असला तर शोधायला हाताशी काहीच राहत नाही.

९ मे

ॲनिमेशन आणि आभासी प्रयोग. जुन्या फोल्डरात फ्लॅशच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या जुन्या तंत्राच्या, फाइली निघाल्या. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काहीच चालू दिलं नाही. लोलक, विद्युत मंडल, तरंगांचं अध्यारोपण अशी किती सुंदर कामं शिक्षकांनी त्यात केली होती. रफल नावाचं मुक्त साधन यातल्या बऱ्याच जुन्या फाइली ब्राउझरमध्ये चालवून दाखवतं. काही जशाच्या तशा चालल्या, काहींची बटणं दाबली जात नाहीत. चाललेल्या ठेवते, पण त्यांच्यावर नवा पाठ उभा करणार नाही.

विज्ञानाचे आभासी प्रयोग मोफत देणाऱ्या फेट प्रकल्पाचं मला मनापासून कौतुक वाटतं. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये तो सुरू केला. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग जावा आणि फ्लॅशमध्ये होते. पुढे त्यांनी एकेक करत ते एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या वेबपानांच्या भाषेत, नव्याने लिहायला घेतले. म्हणून आज ते साध्या फोनच्या ब्राउझरमध्येही चालतात. मंडल जोडणीचा प्रयोग लावून पाहिला. बल्ब जोडला, विद्युतधारेचे कण सरकताना दिसले, मग दुसरा बल्ब एकसर जोडल्यावर दोघांचा उजेड कमी झाला. फळ्यावर खडूने हे दाखवता येत नाही.

भूमितीच्या रचना काढायला जिओजेब्रा हे साधन आहेच. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये त्याची सुरुवात केली. त्याची जीजीबी फाइल ही मुळात एक झिप फाइल असते आणि आत रचनेचं वर्णन एक्सएमएल मजकुरात असतं, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आज एक फाइल झिप म्हणून उघडली, तर बिंदू, रेषा, वर्तुळ, त्यांचे गुणधर्म सगळं वाचता येत होतं. शेरा ‘जिवंत’, आणि बिनधास्त.

१२ मे

आज दिवसभर एकच गोष्ट: जुन्या फाँटमधल्या सरावपत्रिका.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फाँटांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फाँट असेपर्यंत पडद्यावर मराठी दिसते, फाँट गेला की अक्षरांचा काला. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, रोमन चिन्हांची ओळ होती. त्यामुळे असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, स्क्रीनरीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या साधनाला, वाचता येत नाही, फोनवर तर उघडतच नाही.

रूपांतरासाठी साधनं मिळतात. बहुतेक मजकूर नीट येतो, पण चुका ठरावीक जागी होतात आणि त्यामागचं कारण कळलं की तपासणं सोपं जातं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलट: फाँटात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. जोडाक्षर आलं की रूपांतर करणाऱ्या साधनाला वेलांटी नेमकी कुठे न्यायची हे कळत नाही. म्हणून ‘स्थिती’, ‘शक्ती’, ‘वर्तुळ’, ‘ऊर्ध्वगामी’ असे शब्द वेगळे शोधून पाहिले. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याचा’ यातला ‘ऱ्य’ बहुतेक ठिकाणी हाताने दुरुस्त करावा लागला.

वेळ खूप गेला, तरी मला हे काम मोलाचं वाटतं. एकदा युनिकोडमध्ये आलेली पत्रिका शोधता येते, कॉपी करता येते, दुसऱ्या शिक्षकाला तिच्यात बदल करता येतो. दुपारी ‘अपवर्तन’ हा शब्द फोल्डरात शोधला आणि आजवर लपून राहिलेले प्रश्न भराभर समोर आले, त्यातले काही मी पार विसरले होते.

१६ मे

व्हिडिओ. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ प्रेक्षकांना सर्वांत चांगले धरून ठेवतात, असं त्यात आढळलं. तेव्हापासून ‘सहा मिनिटं’ हा जणू नियमच झालाय. व्याख्या, एखादं उदाहरण, प्रयोगाची कृती यांना तो लागू पडतो. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता मात्र मी मध्ये कापणार नाही. सिद्धतेत एक पायरी दुसरीला धरून उभी असते. मध्येच ‘पुढचा भाग पाहा’ म्हटलं की ती साखळी तुटते. अशा लांब व्हिडिओला वेळेच्या खुणा देते. यूट्यूबवर वर्णनात ०:०० पासून सुरू होणाऱ्या किमान तीन वेळा लिहिल्या की त्याची प्रकरणं पडतात, प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचं हवं.

दुपारी हिशोब मांडला. सेकंदाला १ मेगाबिट या वेगाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे ७५ एमबी. तोच पाठ ६४ किलोबिटच्या ध्वनीत ५ एमबीच्याही आत. आणि बोललेले शब्द लिहून काढले, साधारण बाराशे शब्द धरले, तर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असूनही पंचवीस केबीच्या आसपास. ज्या मुलाचा डेटा संध्याकाळी संपलेला असतो, त्याच्यासाठी हा फरक पाठ मिळणं आणि न मिळणं यातला आहे. तेव्हा प्रत्येक व्हिडिओखाली पूर्ण मजकूर द्यायचा, हे पक्कं.

उपशीर्षकं आपोआप तयार होतात, पण ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘लंबदुभाजक’ असे शब्द आले की त्यांचा भरवसा धरता येत नाही. मी ती वेबव्हीटीटी या उपशीर्षकांच्या फाइलमध्ये ठेवते. साधा मजकूर, वर वेळा, खाली वाक्यं, कुठल्याही संपादकात उघडतो. व्हिडिओ उद्या दुसरीकडे हलवला तरी ही फाइल सोबत जाईल.

२० मे

प्रश्नसंच. या प्रकल्पातलं मला सर्वांत जिव्हाळ्याचं काम.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग मी सहकाऱ्यांना नेहमी सांगते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे. आठवण्याची धडपड हीच शिकण्याची क्रिया आहे. ऑनलाइन प्रश्नसंच मी त्यासाठी वापरते. गुण देण्यासाठी नाही, म्हणून तो कितीही वेळा सोडवायची मुभा ठेवते.

‘अडकलेलं’ या शेऱ्याखाली मुख्यतः हेच होतं. एका सेवेतून प्रश्न बाहेर काढायची सोयच नाही, तिथले मी पडद्यावरून वाचून टंकले. आता सगळे प्रश्न गिफ्ट या मजकूर-रूपात लिहून ठेवते. मार्टिन डूगियामास यांनी २००२ मध्ये पहिली आवृत्ती काढलेल्या मूडल या ऑनलाइन वर्गाच्या साधनामध्ये हे रूप थेट आत घेता येतं, आणि साधन नसलं तरी माणसाला ते वाचता येतं:

बलाचे एसआय एकक कोणते? {=न्यूटन ~ज्यूल#हे ऊर्जेचे एकक ~वॅट#हे शक्तीचे एकक ~पास्कल#हे दाबाचे एकक}

बरोबरचं चिन्ह योग्य उत्तराला, नागमोडी रेघ चुकीच्या पर्यायाला, हॅशनंतर त्या पर्यायावरचा अभिप्राय. एवढंच.

खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर घ्यावी लागते. वरचा प्रश्न फक्त पाठांतर तपासतो. हा पाहा: चेंडू सरळ वर फेकला, सर्वोच्च बिंदूला त्याचं त्वरण किती? पर्याय: शून्य, ९.८ मी/से² वरच्या दिशेने, ९.८ मी/से² खालच्या दिशेने. ‘शून्य’ निवडणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो, तो वेग आणि त्वरण एकच मानत असतो. त्याला ‘चूक’ एवढंच सांगून सोडणं हा अन्याय आहे. अभिप्रायात लिहिलं: ‘त्या क्षणी वेग शून्य आहे. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच थांबून राहिला असता. तो खाली का येतो?’ आज प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचा विचार कोणता, हे लिहून काढायला सुरुवात केली. ज्या पर्यायामागे विचार सापडला नाही, तो काढून टाकला. त्यामुळे काही प्रश्नांना तीनच पर्याय उरले. चालेल.

२१ मे

एका सहकारी शिक्षिकेचा फोन. प्रश्नसंचाचे निकाल सीएसव्ही फाइलमध्ये (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामांनी वेगळे) उतरवले आणि स्प्रेडशीटमध्ये उघडले, तर मुलांच्या नावांच्या जागी विचित्र चिन्हं. “मॅडम, सगळी नावं गेली हो!” नावं गेलेली नसतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये असते आणि स्प्रेडशीट तिला दुसऱ्याच संकेतात वाचते. त्यांना सांगितलं: फाइलवर दोनदा क्लिक करून उघडू नका, आधी कोरी स्प्रेडशीट घ्या, डेटा विभागातून मजकूर किंवा सीएसव्ही आत घ्या आणि संकेत ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा. लिबरऑफिस तर उघडतानाच संकेत विचारतं. शेवटचं आणि महत्त्वाचं: ती विचित्र चिन्हं दिसत असताना फाइल जतन करू नका, नाहीतर नावं खरोखरच जातील. नावं परत आली.

२७ मे

सुगम्यता. एका अंध विद्यार्थिनीने फोनवर टॉकबॅक हा स्क्रीनरीडर लावून नवी पानं वाचली आणि मी शेजारी बसून ऐकलं. मजकूर छान वाचला गेला. मग ती म्हणाली, “मॅडम, आकृती आली की हा फाइलचं नाव म्हणतो आणि पुढे जातो.”

संपूर्ण दुपार पर्यायी मजकूर लिहिण्यात गेली. ‘भिंगाची आकृती’ असं लिहून काही साधत नाही. आकृती जे शिकवते ते शब्दांत यायला हवं. किरणाकृतीसाठी असं लिहिलं: ‘बहिर्वक्र भिंग. वस्तू दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे. मुख्य अक्षाला समांतर किरण भिंगातून गेल्यावर दुसऱ्या बाजूच्या नाभीतून जातो. प्रकाशीय केंद्रातून जाणारा किरण सरळ जातो. दोघे नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या दरम्यान भेटतात. तिथे वास्तव, उलटी आणि वस्तूपेक्षा लहान प्रतिमा.’ लिहून झाल्यावर वाटलं, डोळस मुलांनाही हे वाचायला द्यावं. आकृती पाहणं म्हणजे ती समजणं असं आपण फार लवकर धरून चालतो.

बाकी दुरुस्त्या: ठळक करून मोठी केलेली अक्षरं काढून खरे मथळे दिले, कारण स्क्रीनरीडर वापरणारा माणूस मथळ्यांवरून उड्या मारत पान पाहतो. ‘येथे क्लिक करा’ सगळीकडून हटवलं. लिंका वेगळ्या ऐकल्या तर त्याला काही अर्थ उरत नाही. गणिताची सूत्रं चित्रं होती, ती लाटेक या सूत्रं लिहायच्या पद्धतीत लिहून मॅथजॅक्स या साधनाने पानावर दाखवली. संगणकावर एनव्हीडीएने पुन्हा तपासलं. मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा स्क्रीनरीडर मोफत आहे, प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी पडदा बंद करून आपलं पान त्यातून ऐकावं असं मला कळकळीने वाटतं.

रंगांतला फरकही मोजला. डब्ल्यूसीएजी या वेबपानांच्या सुगम्यतेच्या निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी तो किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. टिपांसाठी मी वापरत होते तो ७७७७७७ या रंगसंकेताचा राखाडी पांढऱ्यावर ४.४८ ला अडतो. ७६७६७६ घेतला की ४.५४. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण आता मी त्याहूनही बराच गडद रंग घेतलाय. उन्हात फोन धरून वाचणाऱ्यालाही फायदा.

३० मे

छापील सरावपत्रिकांवर क्यूआर कोड. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने काढला. ‘बदलता येणारा’ कोड देणाऱ्या सेवा टाळल्या. त्यांचा कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या पानावर, म्हणजे त्यांच्याकडचं आपलं खातं संपलं की छापलेले सगळे कागद निकामी. थेट पत्त्याचा कोड ब्राउझरमधूनही करता येतो. पत्ता जितका छोटा तितके चौकोन मोठे आणि ओळखायला सोपे. खाली तो पत्ता अक्षरांतही छापला.

३ जून

परवानग्या. दुवा पाठवण्याआधी तो खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडून पाहायचा. मालकाला स्वतःची फाइल नेहमीच उघडते, त्यावरून काहीच कळत नाही.

फॉर्ममधून जन्मतारीख आणि फोन क्रमांकाचे रकाने काढले. सरावाच्या प्रश्नांसाठी त्यांची गरज काय? मुलाची माहिती गोळाच केली नाही तर ती सांडण्याची भीतीही नाही.

चित्रांचे परवाने पाहिले. ज्यांचा उगम सापडला नाही ती काढली, त्या जागी विकिमीडिया कॉमन्समधली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची चित्रं घेतली आणि चित्रकाराचं नाव, परवाना खाली लिहिला. माझं स्वतःचं साहित्य सीसी बाय-एसए खाली देते, म्हणजे कुणीही घ्यावं, बदलावं, मूळ लेखकाचं नाव द्यावं आणि बदललेलंही तसंच खुलं ठेवावं.

६ जून

इंटरनेटशिवाय चाचणी. फोन विमान मोडवर, साहित्य मेमरी कार्डवर. पानांमधल्या लिंका पूर्ण पत्त्याऐवजी फोल्डरच्या संदर्भाने दिल्या, त्यामुळे सगळं फोल्डर कुठेही नेलं तरी त्या चालतात. संदर्भासाठी किविक्स. २००७ पासूनचा हा प्रकल्प संपूर्ण विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये देतो. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यात मिळतो. सूत्रं मात्र उमटली नाहीत, कारण मॅथजॅक्स इंटरनेटवरून येत होतं. त्याची प्रत फोल्डरातच ठेवली, आता ठीक.

११ जून

एआयचा प्रयोग. चुकीचे पर्याय सुचवायला एका साधनाला सांगितलं, मुलांची नावं किंवा उत्तरपत्रिका न देता. काही सूचना खरंच उपयोगी होत्या, मला न सुचलेल्या. पण एका प्रश्नात ‘१ न्यूटन’ बरोबर आणि ‘१ किग्रॅ·मी/से²’ चूक धरलं होतं. दोन्ही एकच आहेत. वाक्यरचना इतकी आत्मविश्वासाची की घाईत वाचलं तर निसटेल. मसुदा म्हणून घेते. विषय जाणणाऱ्या माणसाने प्रत्येक ओळ सोडवून पाहिल्याशिवाय काहीही वर्गात जाणार नाही.

१६ जून

मुलांकडून वापर. पीडीएफ लहान पडद्यावर वाचायला त्रास होतो, पान ठरलेल्या मापाचं असल्याने प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. छपाईपुरतं पीडीएफ, वाचायला एचटीएमएल, असं ठरवलं. चेंडूच्या प्रश्नावर अनेकांनी ‘शून्य’ निवडलं आणि अभिप्राय वाचून पुन्हा सोडवलं. एकाने विचारलं, “मॅडम, मग वेग शून्य आणि त्वरण शून्य नाही, असं अजून कुठे होतं?” त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने लगेच दोलकाची टोकं सांगितली. हे उदाहरण प्रश्नसंचात घेतलं.

२० जून

उरलेलं: प्रकाश घटकाच्या उपशीर्षकांचं वाचन, भूमितीच्या आकृत्यांचा पर्यायी मजकूर, आणि सगळ्या फोल्डराची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. सीएसव्हीवाल्या शिक्षिकेने गिफ्ट फाइली मागितल्या होत्या, पाठवल्या. त्यांनी रसायनशास्त्राचे प्रश्न त्याच रूपात लिहायला घेतलेत. पहिले तपासायला सोमवारी येतील.